सादिकने वगळलेली नावं

सकाळी सव्वासातला अमोलचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होतो. अमोल माझा मुलगा. संगमनेरच्या एका शाळेत फुटबॉल शिकवतो. एवढ्या सकाळी तो कधी फोन करत नाही, म्हणून पाणी घालायचं थांबवून लगेच उचलला. "बाबा, सादिककाका गेले," तो म्हणाला. "पहाटे, घरीच. मला नसीमआत्यांचा फोन आला होता." मी "बरं" म्हणालो. कुणी गेल्याचं ऐकून माणूस "बरं" कसं म्हणू शकतो, मला माहीत नाही, पण मी म्हणालो. मग उरलेल्या कुंड्यांना पाणी घातलं. खरं सांगायचं तर पहिला विचार सादिकचा नव्हताच मनात. नसीमने, म्हणजे त्याच्या बहिणीने, फोन अमोलला का केला, मला का नाही, हा होता. सादिक शेख आणि मी, आमची ओळख जवळजवळ पन्नास वर्षांची. तिच्याकडे माझा नंबर होता. आणि तरी तिला माझ्याआधी माझा मुलगा आठवला... उत्तर मला ठाऊक होतं. आज तीन महिन्यांनी हे लिहायला बसलोय ते त्या उत्तराबद्दलच.

आम्ही नगरच्या कॉलेजात एका वर्गात होतो आणि एका संघात होतो. आमच्या शहरात क्रिकेटच्या आधीपासून फुटबॉल खेळला जातो असं जुनी माणसं सांगत. एका बाजूला लष्कराची छावणी, दुसऱ्या बाजूला मिशनच्या शाळा, त्यामुळे संध्याकाळी कुठल्याही मोकळ्या जागेवर गेलं की चार दगड मांडून खेळ चाललेला असायचा. मी पुढच्या फळीत खेळायचो. सादिक डावीकडचा बचावपटू. पळायला बेताचा, उडी तर त्याला येतच नव्हती. पण मैदानावर कोण कुठे उभं आहे हे त्याला मान न वळवता कळायचं. तो कर्णधार झाला त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन सामन्याच्या आदल्या दिवशी माझा घोटा मुरगळला होता. मी कुणाला बोललो नाही, घरी हळद लावून पट्टी बांधली आणि सकाळी बूट चढवून मैदानावर गेलो. सादिकने मला एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. "मध्या, तू आज बाहेर," तो म्हणाला. सगळ्यांसमोर म्हणाला. मी म्हटलं, काही झालेलं नाही. तो म्हणाला, "झालंय. आणि तू सांगितलं नाहीस याचा मला जास्त राग आहे." आम्ही तो सामना हरलो. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तो घरी आला, माझ्या आईने केलेली थालीपीठं खाल्ली, आणि आम्ही परत बोलायला लागलो. त्या वयात ते इतकं सोपं होतं.

पुढे मी शाळेत क्रीडाशिक्षक झालो आणि सादिक एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात लागला. देवळाली प्रवरेजवळ त्याचं गट ऑफिस होतं. त्याचं काम ऊसतोडीचा प्रोग्राम लावायचं, म्हणजे कुणाच्या शेतात कोणत्या दिवशी तोडणीची टोळी जाणार हे ठरवायचं. कारखाना दिवसाला ठरावीकच ऊस गाळू शकतो, शिवारात मात्र ऊस सगळ्यांचा एकदमच तोडीला आलेला असतो. त्यामुळे हंगामात त्याच्या टेबलासमोर सकाळपासून माणसं उभी. मी एकदा सहज भेटायला गेलो होतो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ त्याच्यापुढे हात जोडून उभे होते. "सायेब, माज्या उसाला तुरं आलं. लई दिस झाले. फुडच्या आटवड्यात धरा की." सादिकने वही पाहिली. "पुढच्या आठवड्यात नाही बसत, अण्णा. अठरा दिवसांनी बसतो." म्हातारबुवा चिडले, "तुमच्या मानसाचं आसतं तर बसलं आसतं" म्हणाले, आणखीही बरंच बोलले. सादिक ऐकत राहिला. ते गेल्यावर मी म्हटलं, "अरे, बघतो म्हणायचं. माणूस निदान समाधानाने घरी जातो." तो म्हणाला, "आणि उद्या परत येतो. परवा परत येतो. मला नाही जमत ते." अठराव्या दिवशी त्या शिवारात टोळी गेली, हे मला नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

त्याच्या घरातलं एक मला इथे सांगितलं पाहिजे, कारण ते सांगितल्याशिवाय माझी चूक केवढी ते कळणार नाही. सादिक आणि शबानाभाभींना लग्नानंतर सहा वर्षांनी मुलगी झाली. ती नऊ दिवस जगली. कब्रस्तानात जाताना ते लहानसं गाठोडं सादिकच्या हातात होतं आणि मी त्याच्या शेजारून चालत होतो. वाटेत एका ठिकाणी त्याने ते माझ्याकडे दिलं, चप्पलेचा अंगठा तुटला होता तो वाकून नीट केला, आणि परत घेतलं. त्यानंतर त्यांना मूल झालं नाही. दहाएक वर्षांनी भाभीही मूत्रपिंडाच्या आजाराने गेल्या. सादिक नगरला नसीमकडे राहायला आला. तीही एकटीच होती. त्या मुलीबद्दल तो कधी काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. पण अमोल झाला तेव्हा त्याला सगळ्यात आधी उचलून घेणारा सादिक होता, हे सुमनला, माझ्या बायकोला, कायम आठवत असे.

फुटबॉल त्याने सोडला नव्हता. रविवारी कुठेही सामना असला की तो बसने जायचा. शिर्डी, श्रीरामपूर, पार पुण्यापर्यंत. मैदानाच्या कडेला बसून वहीत काहीतरी लिहायचा. गोल कुणी केला हे त्याच्या वहीत क्वचितच असे. चेंडू नसताना कोण काय करतो, हे असे. नगरला एकदा राज्य पातळीवरची स्पर्धा भरली तेव्हा दक्षिणेकडचे एक प्रशिक्षक आले होते. व्यावसायिक लीगमधल्या एका क्लबचे होते ते. त्यांनी शेजारी बसलेल्या या माणसाची वही पाहायला मागितली. मग विचारलं, यातले तीनच घ्यायचे तर कोणते? सादिकने तीन नावं सांगितली. त्यांनी विचारलं, त्या दहा नंबरच्या पोराचं का नाही? तो तर सगळ्यांत चांगला आहे. सादिक म्हणाला, "तो घेतला तर सगळा पैसा त्याच्यावरच जाईल, बाकीचे दोन मिळणार नाहीत ना तुम्हाला." हे सादिकनेच मला सांगितलं होतं, हसत हसत. सहा महिन्यांनी त्याने कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि बावन्नाव्या वर्षी त्या प्रशिक्षकांच्याच क्लबात नोकरीला लागला. आम्हा मित्रांना ते चेष्टेचंच वाटलं होतं.

त्याचं काम काय, ते मला समजायला वेळ लागला. त्या लीगचे नियम असे होते की क्लब कितीही श्रीमंत असो, सगळ्या खेळाडूंच्या पगाराची वर्षाची बेरीज एका मर्यादेच्या वर जाता कामा नये. सगळ्यांना मर्यादा सारखीच. आणि हंगाम संपला की एक दिवस ड्राफ्टचा. नव्या खेळाडूंची एक यादी असते, आणि क्लब पाळीपाळीने त्यातला एकेक उचलतात. गेल्या वर्षी तळाला राहिलेल्या क्लबची पाळी पहिली. अशा नव्या खेळाडूला पहिली तीन वर्षं ठरलेला, कमी पगार. चौथ्या वर्षी तो वाढतो, आणि तिथेच सगळं अडतं. जुनी माणसं ठेवावीत तर मर्यादा ओलांडते. नवी घ्यावीत तर ती शिकेपर्यंत संघ हरतो. एका वर्षी सादिकने आपल्या क्लबची पहिल्या फेरीतली पाळीच दुसऱ्या क्लबला देऊन टाकली आणि बदल्यात त्यांचा एक तिशी उलटलेला गोलकीपर आणला. वर्तमानपत्रांनी त्याला वेड्यात काढलं. तो फोनवर म्हणाला, "मागं ओरडणारा कुणीतरी पाहिजे रे. पोरं चांगली आहेत, पण सगळी गप्प आहेत." दर रविवारी सकाळी त्याचा फोन असायचा. कधी गुवाहाटीहून, कधी कोचीहून. हॉटेलच्या खोलीतून. मागे टीव्ही चालू असायचा. मी म्हणायचो, बंद कर की तो. तो म्हणायचा, राहू दे, कुणीतरी बोलतंय असं वाटतं.

अमोल त्याच क्लबात गेला, पण त्याला सादिकने घेतलं नव्हतं. हेही लिहिलं पाहिजे. अमोल विद्यापीठाच्या संघात चमकला, ड्राफ्टच्या यादीत त्याचं नाव आलं. त्या क्लबच्या बैठकीत त्याच्या नावावर चर्चा सुरू झाल्यावर सादिक उठून बाहेर गेला. प्रशिक्षकांनी आणि इतरांनी ठरवलं. आम्हाला इकडे काय आनंद! सुमनने शेजारपाजारी पेढे वाटले. तीन हंगाम अमोल खेळला. टीव्हीवर त्याच्या पाठीवर आमचं आडनाव दिसायचं. सुमन पडद्याच्या इतक्या जवळ बसायची की मला काही दिसायचं नाही. दुसऱ्या हंगामात त्याचा गुडघा दुखावला, पण तो परत उभा राहिला. मला वाटलं, आता पुढची दहा वर्षं ठरलेली.

आठ वर्षांपूर्वीची मे महिन्यातली दुपार. सादिक न कळवता आला. पुण्याहून एसटीने, स्टँडवरून रिक्षाने. शर्टाची पाठ घामाने भिजलेली. सुमनने पाणी दिलं, चहा टाकला. चहा समोर आला तसा तो म्हणाला, "अमोलचा करार पुढे वाढवत नाही आहोत आम्ही. परवा पत्र येईल. त्याआधी तुला सांगावं म्हणून आलो."

"आम्ही म्हणजे कोण?" मी विचारलं.

"यादी मी केली," तो म्हणाला.

अमोलला त्याने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, त्याच्या खोलीवर जाऊन. मग तो मला समजावू लागला. अमोलची तीन वर्षं संपली, आता पगार वाढणार. ड्राफ्टमध्ये या वेळी त्यांची पाळी लवकर आहे, मिझोरामचे दोन बचावपटू मिळू शकतात. अमोलला ठेवलं तर दोघांपैकी एकच. आणि गुडघा...

"म्हणजे ते स्वस्तात पडतात," मी म्हणालो.

"हो," तो म्हणाला. त्याने निदान नाही म्हणायला हवं होतं. "मर्यादा आहे, मध्या. त्यात बसवावं लागतं."

"आणि माझा मुलगा तुझ्या मर्यादेत बसत नाही."

"या वर्षी नाही बसत."

तेव्हा मी म्हणालो, "तुला स्वतःचं पोर असतं तर कळलं असतं."

मी हे म्हणालो. त्या कब्रस्तानाच्या वाटेवर त्याच्या शेजारून चाललेला मी. सुमन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. सादिक गट ऑफिसात शिव्या ऐकताना बसायचा, तसाच बसून राहिला थोडा वेळ. मग उठला, "येतो, वहिनी" म्हणाला आणि जिना उतरून गेला. चहाला त्याने हात लावला नव्हता. सुमन मला म्हणाली, "जा, खाली जाऊन थांबवा त्याला. अजून रिक्षा मिळाली नसेल." मी गेलो नाही. गॅलरीतून पाहिलंही नाही.

रविवारचे फोन थांबले. सुरुवातीला माझा राग खरा होता. अमोलला दुसऱ्या क्लबने घेतलं नाही, वर्षभर तो घरात बसून होता, आणि त्याला बसलेला पाहिलं की माझा राग ताजा व्हायचा. पण राग काही एवढी वर्षं टिकत नाही. दीड-दोन वर्षांनी तो निघून गेला होता आणि मागे नुसती लाज राहिली होती, आणि लाज घेऊन कुणाला फोन कसा करायचा ते मला जमलं नाही. रविवारी सकाळी मी उगाच बाजारात जायचो. सुमन म्हणायची, "एक फोन करायचाय तुम्हाला, डोंगर चढायचा नाही." मी म्हणायचो, करतो. मग चार वर्षांपूर्वी सुमन गेली. अमरधामात मी चितेपाशी उभा होतो आणि पाहिलं तर फाटकाजवळ लिंबाखाली सादिक. केस पांढरे झालेले, चष्म्याची काच जाड झालेली. तो पुढे आला नाही. अमोल त्याच्याकडे गेला, त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडला. मी ते दुरून पाहत होतो. सगळं उरकल्यावर त्याच्याकडे जायचं मी ठरवलं होतं. उरकलं तेव्हा तो गेलेला होता.

त्या दिवशी संध्याकाळी अमोलला विचारलं तेव्हा कळलं की त्यांचं बोलणं कधी थांबलंच नव्हतं. "बाबा, माझा गुडघा मला माहीत होता ना," तो म्हणाला. "उतरताना जिन्याचा कठडा धरत होतो मी तेव्हा. काका खोलीवर आले, चार तास बसले. मी रडलो, ओरडलो, ते बसून राहिले. प्रशिक्षकाच्या कोर्सचा फॉर्म त्यांनीच आणून दिला नंतर." मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस? तो म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठी चिडला होता. मीच नाही चिडलोय हे कसं सांगू?" ज्याच्यासाठी मी माझा मित्र तोडला, तो त्या मित्राला दर आठवड्याला फोन करत होता. तेराव्यानंतर अमोल संगमनेरला परत गेला आणि घरात आम्ही दोघंच उरलो, मी आणि सुमनचा फोटो.

दोन वर्षांपूर्वी सादिक काम सोडून नगरला कायमचा आला. साखरेच्या आजाराने त्याचे डोळे गेले होते, म्हणजे उजेड-अंधार आणि आकार दिसत, चेहरे दिसत नसत. गेल्या डिसेंबरात अमोलचा फोन आला. राजूरला, भंडारदऱ्याच्या वाटेवर, एक स्पर्धा होती. तिथल्या एका गोलकीपरबद्दल जुन्या क्लबने सादिकचं मत मागितलं होतं. "बाबा, काकांना न्याल का? मला शाळेतून निघता येत नाहीये." मी "हो" म्हणालो. मला वाटतं, अमोलला शाळेतून निघता येत होतं.

सकाळी गाडी घेऊन गेलो तर तो दारात तयार होऊन उभा. मी "सादिक" म्हटलं. तो म्हणाला, "दार कुठल्या बाजूला आहे?" एवढंच. राहुरीपर्यंत आम्ही रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोललो. पुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली, मळीचा वास आला, तसं त्याने काच खाली केली. "हंगाम जोरात दिसतोय," तो म्हणाला, आणि त्या वासातच त्याचा चेहरा सैल झाला. अकोले गावाच्या पुढे थंडी वाढली. भाताची खाचरं कापून मोकळी झालेली, डोंगराच्या पोटाला अजून धुकं. राजूरच्या मैदानाच्या कडेला आम्ही दोन दगडांवर बसलो आणि तो म्हणाला, "आता तू सांग. मला नुसते ठिपके दिसतात." मी गोलकीपरने केलेल्या झेपा सांगायला लागलो. त्याने थांबवलं. "चेंडू पलीकडे असताना काय करतोय?" मी पाहिलं. पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा असेल. चेंडू लांब असतानाही तो पुढे येऊन आपल्या बचावपटूंना हाताने सरकवत होता. तसं सांगितलं. "आवाज येतोय का त्याचा?" मी म्हटलं, "केव्हाचा. ऐक ना." सादिक मान वाकडी करून ऐकत राहिला. दोन तास मी बोलत होतो आणि तो विचारत होता. सुमन गेल्यापासून मी इतकं सलग कुणाशी बोललो नव्हतो.

परतताना मीच विषय काढला. समोर रस्ता असला की बोलणं सोपं जातं. "अमोलच्या वेळी दुसरा मार्ग नव्हता?" मी विचारलं. तो म्हणाला, "होता. त्याला ठेवून मी तीन याद्या केल्या होत्या. एकीत केरळचा गोलकीपर जात होता, त्याला दुसरं मूल व्हायचं होतं. एकीत एक पोरगा घ्यायचा राहत होता. आणि तिसरीत सगळे बसत होते, पण संघ बसत नव्हता." थोड्या वेळाने म्हणाला, "अमोलचं नाव काढताना मला बरं वाटलं नाही, मध्या. पण काढायचं होतं. तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं." पूर्वी असतं तर मी चिडलो असतो. आता मला एवढंच वाटलं, की हा माणूस माझ्याकडे माफी मागायला आलाच नव्हता त्या दिवशी. नुसता सांगायला आला होता, पत्राने कळू नये म्हणून. माफी मागायची होती ती मी.

संगमनेरला चहाला थांबलो. अमोल अजून शाळेत होता. त्याने कप दोन्ही हातांनी धरला. "वहिनींच्या हातचा चहा त्या दिवशी तसाच राहिला," तो म्हणाला. "नंतर वाटायचं, प्यायला हवा होता. त्यांचा काय दोष." म्हणजे त्याला सगळं आठवत होतं. चहा आठवत होता, तर मी काय बोललो तेही आठवत असणारच. शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. शबानाभाभींचं नाव घ्यायचं, त्या मुलीचं घ्यायचं... तिचं नाव काय ठेवलं होतं हेही मला माहीत नव्हतं, आणि मी अडखळलो. आणि मी काय विचारलं? "साखर चालते का रे तुला?" तो मोठ्याने हसला. "डोळे गेले, आता कशाला विचारतोस?" मीही हसलो. ती वेळ गेली.

घरापाशी सोडलं तेव्हा पाच वाजले होते. "वर ये ना," तो म्हणाला. "खोली दाखवतो." मी म्हणालो, "आज नको, पाय आखडलेत. येतो एक दिवस." तो म्हणाला, "ये. मी कुठे जातोय." त्यानंतर सहा आठवडे मी जायचं म्हणत राहिलो. जाताना काय बोलायचं ते आधी ठरवायचं होतं मला. रोज दुपारी मनात वाक्यं जुळवायचो आणि मोडायचो. मग ती सकाळ आली.

दफनाला मी आणि अमोल बरोबर गेलो. मूठभर माती दिली. लोक पांगल्यावर मी कब्रस्तानाच्या त्या कोपऱ्याकडे गेलो जिथे आम्ही तेव्हा गेलो होतो. लहान कबरी फार दिवस ओळखू येत नाहीत. गवत वाढलं होतं, दोन-तीन उंचवटे होते, त्यातला कोणता ते कळेना. एक म्हातारे तिथे गवत काढत होते, त्यांनी विचारलं, "कुनाला हुडकताय?" मी म्हटलं, "एका मुलीला." ते म्हणाले, "नाव काय हुतं?" मला सांगता आलं नाही. नंतर नसीमला विचारलं. मुलीचं नाव आफरीन.

चाळीस दिवस झाल्यावर नसीमने मला बोलावलं. सादिकची खोली पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद. मला वाटलं होतं भिंतीवर क्लबचे फोटो असतील, चषक असतील. काही नव्हतं. एक पलंग, एक कपाट, आणि पश्चिमेला मोठी खिडकी. खिडकीखाली शाळेचं मैदान. संध्याकाळी तिथे पोरंपोरी खेळतात. खिडकीपाशी वेताची जुनी खुर्ची होती, बसून बसून मध्ये खोलगट झालेली. आणि तिच्या शेजारी एक नवी, लाल रंगाची प्लॅस्टिकची खुर्ची. पाठीवर दुकानाचं लेबल तसंच.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"तुमची," नसीम म्हणाली. "राजूरहून आला ना भाई, दुसऱ्याच दिवशी आणायला लावली. म्हणाला, मध्या येणार आहे, जिना चढून दमेल, त्याला टेकायला लागेल. रोज पुसायला लावायचा. मी म्हणायचे, अरे कधी येणार ते तरी विचार फोन करून. तर म्हणायचा, घाई करू नको त्याला, तो येतो बरोबर."

मी त्या खुर्चीत बसलो. नसीम खाली निघून गेली.

आता मी दर गुरुवारी जातो. पाचच्या सुमाराला जिना चढतो, लाल खुर्चीत बसतो. वेताच्या खुर्चीला नसीमने हलवलेलं नाही, मीही हात लावत नाही. खाली खेळ चालू असतो, ओरडणं वर येतं. आफरीनबद्दल जे बोलायचं होतं ते पहिल्या दोन गुरुवारी मी बोलून पाहिलं, हळू आवाजात, खिडकीकडे पाहत. तिसऱ्या गुरुवारपासून नाही बोललो. अंधारायला लागलं की पोरं चेंडू घेऊन घरी जातात. मैदान रिकामं होतं. मी आणखी थोडा वेळ बसतो आणि मग उतरतो.